सहा आकडे

नवी प्रणाली सोमवारी सुरू व्हायची होती,
म्हणून जुनी खाती बंद करत बसले होते मी.
निवृत्त, बदली, निलंबित, मयत.
याद्या आस्थापना शाखेतून आलेल्या, खाकी पाकिटात.
ईमेलवर त्यांचा विश्वास नाही,
आणि एका अर्थी बरोबरच आहे ते.

दोंदे मु. रा., वरिष्ठ लिपिक, पाणीपट्टी.
मयत, दीड वर्षापूर्वी.
शेवटचं लॉगिन: आज, सकाळी नऊ बेचाळीस.

असं काही दिसलं की आधी मान गरम होते.
नोंदी उलगडल्या.
मेलेला माणूस रोज वेळेवर येत होता.
रविवारी नाही.
गंगेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं
त्या दिवशीही नाही; त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं.
चोर इतका हजेरीबाज नसतो.

"मीच," लतिका बोरस्ते म्हणाल्या, न विचारता, चष्मा पुसत.
"एकानं बिल दुरुस्त करायचं, दुसऱ्यानं मंजूर, असा नियम.
दुसरा गेला. जागा भरली नाही.
लोक सातपूरहून खेटे घालतात हो, उन्हातान्हात.
मग माझ्या नावानं दुरुस्त करते,
बाहेर पडते,
दोंदेभाऊंच्या नावानं आत येते
आणि मलाच मंजुरी देते.
दोनदा नामंजूरही केलंय. चूक माझीच होती."

आणि ओटीपी?
मोबाईल मखमलाबादला, त्यांच्या घरी, टीव्हीशेजारी.
रोज सकाळी ह्या फोन लावतात,
पलीकडे मथुरावहिनी एकेक आकडा वाचतात:
पाच... शून्य... शून्य... नऊ... परत शून्य... दोन.
मग, "आज डबा काय?"
एवढंच.
रिचार्ज वहिनी स्वतः मारतात, पेन्शनीतून.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, ओळख म्हणजे
तुम्हाला जे ठाऊक आहे,
तुमच्याजवळ जे आहे,
तुम्ही जे आहात.
इथे ठाऊक एकीला होतं, जवळ दुसरीच्या होतं,
आणि जो होता, तो नव्हता.

तरी भोक ते भोक.
मी त्यांना मागच्या महिन्याची एक ओळ दाखवली:
रात्री तीन, कुठलातरी परका पत्ता, पासवर्ड बरोबर.
गंगा, आणि पुढे एक आकडा,
दर नव्वद दिवसांनी एकानं वाढवलेला.
दोंदेभाऊंनी सुरू केलेली मोजणी,
बाईंनी मोडली नव्हती.

वहिनींना विचारलं.
"हो, वाजला होता. मग एका माणसाचा फोन आला,
ऑफिसातून बोलतोय, आकडे सांगा.
म्हटलं, आज डबा काय आणलाय?
गप्पच झाला.
ठेवला मी."

लाखो रुपयांच्या भिंती उभारतो आम्ही.
हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहू?

शेवटी बटण दाबलं. पडदा म्हणाला:
या खात्यावर एकशे चौदा प्रकरणे प्रलंबित.
खाते बंद करता येणार नाही.

रामकुंडावर पाहिलंय मी हे.
पिंड ठेवलेला, कावळा कठड्यावर, शिवत नाही.
मग जवळचं कुणीतरी पुढं होतं, म्हणतं,
बघतो आम्ही सगळं, तुम्ही काळजी करू नका.
लतिकाबाई पुढं झाल्या नाहीत. माझ्या खुर्चीमागून
हळूच म्हणाल्या, "करू आम्ही, भाऊ."
उपअभियंत्यांची सही आणायला
मला मात्र तीन मजले चढावे लागले.

तीव्रता: गंभीर. उपाय: खाते बंद.
माझा अहवाल इथेच संपतो.

सोमवारी नऊ बेचाळीसला
बाईंनी तरीही फोन लावला.
आकडे नव्हतेच.
बराच वेळ दोन्हीकडे नुसता पंखा ऐकू येत होता.
मग त्या म्हणाल्या,
"मेथी."